हॉटेलात खोली साफ करणाऱ्यांना टिप देता का? किती, कधी आणि कोणाच्या हातात?

चाफेकळी · सोमवार, रात्री ९.१०

नमस्कार मंडळी. पुढच्या महिन्यात आम्ही सहा जण केरळला निघालोय. आम्ही दोघं, दोन मुलं, सासू-सासरे. मुन्नार, ठेकडी, अलेप्पी. गाडी ड्रायव्हरसकट ठरवलीय, हॉटेलं झाली, एक रात्र हाउसबोट झाली. भांडण तेवढं राहिलं होतं, ते काल जेवताना उरकलं. विषय: खोली साफ करणाऱ्याला टिप द्यायची की नाही.

सासऱ्यांचं म्हणणं, खोलीच्या भाड्यात झाडलोट आलीच, वेटरला देतो तेवढं पुरे. नणंद न्यू जर्सीला असते, ती व्हिडिओ कॉलवर होती. तिच्या मते रोज सकाळी खोलीतून बाहेर पडताना पैसे ठेवलेच पाहिजेत, आणि न ठेवणारे लोक कसे असतात यावर तिने पाच मिनिटं घेतली. नवरा नेहमीप्रमाणे 'तिथे गेल्यावर बघू' पक्षाचा.

मला स्वतःला द्यावीशी वाटते, पण कशी ते कळत नाही. वेटर समोर असतो, ड्रायव्हर तर दिवसभर बरोबर असतो. ही माणसं दिसतच नाहीत. आपण बाहेर पडल्यावर येतात आणि आपण परतायच्या आत गेलेली असतात. रोज द्यायची की शेवटी एकदम? खोलीत ठेवायची की रिसेप्शनला? तीन-साडेतीन हजारांच्या खोलीला किती? आणि ती त्यांच्यापर्यंत पोचते का?

आधी जुना धागा शोधला. एक सापडला, पण तो तिसऱ्या प्रतिसादापासून महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीवर घसरलाय.


शनिवारपेठी · रात्री ९.३१

देत नाही. खोलीचं भाडं, वर जीएसटी, वर पार्किंग, आता चादर घातल्याबद्दल वेगळे? उद्या लिफ्ट वर गेली म्हणून लिफ्टला द्या.

आम्ही निघताना खोली होती तशी करून निघतो. चादरींच्या घड्या, पांघरुणं नीट, कचरा एका पिशवीत. माझ्या दृष्टीने टिप ती हीच.


मिसळ_तर्री · रात्री ९.३४

लिफ्टला टिप, हहपुवा (हसून हसून पुरे वाट). काकांना अनुमोदन नाही, पण वाक्याला +१.


रानजाई · रात्री ९.५२

आम्ही देतो. तुमच्यासारख्या हॉटेलला खोलीमागे रोज शंभर, साध्या लॉजला पन्नास. मुलं आहेत ना बरोबर? मग हात जरा सैल सोडा. बिस्किटाचा चुरा गादीच्या शिवणीत जाऊन बसतो, तो काढायला काय लागतं ते घरी एकदा करून बघा.


ट्रॉलीवाला · रात्री १०.१५

शनिवारपेठी काका, राग मानू नका, पण त्या घड्यांचा उपयोग शून्य. हॉटेल मॅनेजमेंट केल्यावर मी काही वर्षं नगर रोडच्या एका मोठ्या हॉटेलात हाउसकीपिंगला होतो, म्हणून सांगतो. पाहुणा खोली सोडून गेला की तिथली प्रत्येक चादर, अभ्रा, टॉवेल लॉन्ड्रीत जातो. घडी घातलेली चादर आम्ही आधी उलगडायचो, मग झटकायचो, कारण आत चार्जर, कानातलं, पोरांचे मोजे, काहीही निघतं. मदतच करायची तर वापरलेले टॉवेल बाथरूममध्ये एका ढिगात टाका आणि उरलेलं खाणं पिशवीला गाठ मारून ठेवा. आणि हो, किटलीत मॅगी करू नका. दूध तर अजिबात नको.

आता कामाबद्दल. एका माणसाकडे एका शिफ्टला चौदा-पंधरा खोल्या. पाहुणा राहत असलेली खोली वीस-पंचवीस मिनिटांत, रिकामी झालेली पाऊण तासात. हे कागदावर. प्रत्यक्षात बाराला सगळे एकदम निघतात आणि दोनला नवे सगळे एकदम लॉबीत येऊन उभे राहतात. मधल्या दोन तासांत अख्खा मजला पळत असतो.

त्यात लग्नाचं बुकिंग असलं की विचारू नका. हळदीच्या दुसऱ्या दिवशी बाथटबला पिवळी कड, दिव्याच्या बटणांवर पिवळी बोटं, दाराच्या मुठी पिवळ्या. हळद निदान ब्लीचने आणि उन्हाने उतरते. मेंदीचे ओले हात पुसलेला पांढरा टॉवेल मात्र कायमचा बाद. तो कापून त्याची पुसणी करायची. नवरीकडची मंडळी हसतमुखाने 'थँक यू हं' म्हणून निघून जातात. टिप रिसेप्शनवरच्या मुलाला, कारण त्याने गाडी बोलावलेली असते.

चाफेकळी, तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर सविस्तर उद्या. आज नाइट शिफ्ट आहे (आता दुसऱ्या क्षेत्रात).


शनिवारपेठी · रात्री १०.२२

घड्यांबद्दल माहीत नव्हतं. तरी मी घालणार. घातल्याशिवाय ही खोलीबाहेर पाऊल टाकू देत नाही.


कर्वेरोड_सिग्नल · रात्री ११.०५

मला या विषयात काकांची बाजू थोडी पटते, पण कारण वेगळं. पगार देणं हे मालकाचं काम. आपण टिप देत गेलो की मालक म्हणतो, 'वरून मिळतंय की, पगार कशाला वाढवू?' अमेरिकेत हेच झालं. तिकडे टिप मिळणाऱ्या कामगाराला मालकाने द्यायचं किमान वेतन ताशी २.१३ डॉलर आहे, आणि ते १९९१ पासून तसंच आहे. तीस वर्षांहून जास्त काळ! बाकीचा बोजा गिऱ्हाइकावर. ही पद्धत आपण कशाला आणायची?

शिवाय टिप म्हणजे एका अर्थी भीकच. चांगल्या कामाचा चांगला पगार मागायचा सोडून माणूस पाहुण्याच्या तोंडाकडे बघत राहतो.


अटलांटिकपार · मंगळवार, पहाटे ५.४०

(इकडे संध्याकाळ आहे.) सिग्नलभाऊ, आकडा बरोबर, पण अर्धाच सांगितलात. २.१३ हे केंद्रीय कायद्याचं, आणि मुख्यतः वेटर, बारटेंडर वगैरेंना लागू होतं. टिप धरून ताशी ७.२५ झाले नाहीत तर फरक मालकाने भरायचा असतो. बऱ्याच राज्यांचं स्वतःचं किमान वेतन याहून कितीतरी जास्त आहे. आणि हॉटेलात खोल्या साफ करणाऱ्या बायका सहसा या २.१३ च्या गटात नसतातच, त्यांना पूर्ण तासाचा दर मिळतो. म्हणजे वेटरची टिप हा तिकडे पगाराचाच भाग, खोलीवाल्यांची खरोखर वरची.

आणि गंमत बघा, वेटरला वीस टक्के देणारी हीच माणसं खोलीत काहीही ठेवत नाहीत. हॉटेलवाल्यांची संघटना रात्रीला एक ते पाच डॉलर ठेवा म्हणून सांगते, तरी बरेच लोक विसरतात. २०१४ मध्ये मॅरियटने अमेरिका-कॅनडातल्या दीड लाखाहून जास्त खोल्यांत टिपसाठी पाकिटं ठेवली. लोकांनी कंपनीलाच झोडपलं, की पाकिटं कसली ठेवता, पगार वाढवा. तेव्हा तुमचा मुद्दा तिकडेही निघतो.

चाफेकळी, तुमच्या नणंदेचं बरोबर आहे, पण ते तिकडचं बरोबर आहे. कोविडनंतर इथल्या कित्येक हॉटेलांत मागितल्याशिवाय खोली रोज साफही करत नाहीत. मग रोज ठेवायचे कशाचे?


वेताळटेकडी · मंगळवार, सकाळी ७.२०

'भीक' हा शब्द खटकला म्हणून टेकडीवरून खाली यायच्या आत लिहितोय.

आपल्या पुण्यात १९८० साली मोलकरणींनी संप केला होता, माहीत असेल. आजारपणाची रजा, पगारवाढ, माणसासारखी वागणूक यासाठी. पुणे शहर मोलकरीण संघटना त्यातूनच उभी राहिली. आज तुमच्या-आमच्या घरी दिवाळीला एक पगार बोनस म्हणून देतात, तो कोणा मालकिणीला अचानक सुचलेला नाही, या बायकांनी भांडून घेतलाय. त्याच दिवाळीत सिलेंडरवाला, पोस्टमन, वॉचमन यांना आपण पोस्त देतो. त्याला कोणी भीक म्हटलेलं मी ऐकलं नाही. मग हॉटेलातल्या माणसालाच ती भीक कशी होते?

पगार वाढायला हवा हे शंभर टक्के मान्य. पण तो वाढेपर्यंत तुमचे शंभर रुपये खिशात ठेवून तुम्ही मालकाला नेमका कोणता धडा शिकवणार आहात? मालकाला ते कळणारही नाही. कळणार फक्त पोछा मारणाऱ्याला.


कर्वेरोड_सिग्नल · मंगळवार, सकाळी ९.१५

टेकडीवाले, भावनेवर जाऊ नका. बोनसला नियम असतो, महिना ठरलेला असतो, रक्कम ठरलेली असते. टिपला काय आहे? गोऱ्या पाहुण्याच्या खोलीत दोन वेळा टॉवेल बदलतात आणि आपल्या खोलीत फोन करून मागावा लागतो. का? कारण तिकडून डॉलर पडायची शक्यता. हा भेद टिपने तयार केलाय. गेल्या वर्षी राजस्थानात एका हॉटेलात चेकआउटच्या वेळी पोरगा दारातच उभा राहिला. 'सर, सब ठीक था ना? कोई तकलीफ?' असं चार वेळा. मिनीबार तपासून झाला तरी हलेना. बायको लाजून आत गेली. मी दिले पन्नास. ती टिप नव्हती, टोल होता.


मिसळ_तर्री · मंगळवार, सकाळी ९.२०

टोल, तोही परतीचा न धरता.


ट्रॉलीवाला · मंगळवार, दुपारी १.३०

सिग्नलभाऊ, दारात उभं राहणं आम्हालाही आवडत नव्हतं. आमच्याकडे तर सुपरवायझरने पकडलं तर मेमो होता. जिथे ते चालतं तिथे बहुधा पोरं ठेकेदाराची असतात, हॉटेलची नसतात. पगार ठेकेदाराकडून, तोही कापून. हॉटेलच्या युनिफॉर्मवरून पाहुण्याला ते कळत नाही. मोठ्या हॉटेलांतही आता हाउसकीपिंगचा बराच भाग कंत्राटी असतो.

आता चाफेकळींचे प्रश्न.

रोज की शेवटी? रोज. कारण माणूस रोज तोच नसतो. आठवड्याची सुट्टी असते, शिफ्ट बदलते, मजला बदलतो. तुम्ही तीन रात्री राहिलात, पहिले दोन दिवस एकाने मरमर काम केलं आणि तिसऱ्या दिवशी तो सुट्टीवर. तुम्ही निघताना ठेवलेले तीनशे चादर ओढायला आलेल्या दुसऱ्याला मिळतात. तो वाटून घेईलही, पण ते त्याच्यावर.

कुठे ठेवायची? हे नीट वाचा, कारण इथेच घोटाळा होतो. पाहुणा राहत असलेल्या खोलीत पैसे दिसले तर हात लावायचा नाही, हा आम्हाला पहिल्या दिवशी शिकवलेला नियम. उशीखाली पाचशेची नोट मिळाली तर ती तुम्ही ठेवली की विसरलात, हे आम्ही कसं ओळखायचं? उशी उचलायची, नोट बाजूला ठेवायची, चादर बदलायची, नोट पुन्हा उशीखाली. सुपरवायझरला फोन करून कळवायचं ते वेगळंच. कारण संध्याकाळी 'माझे पाचशे गेले' असा एक फोन खाली आला की चौकशी, लॉकरची झडती, आणि कंत्राटी असेल तर दुसऱ्या दिवशी गेटवरूनच परत. म्हणून पैसे टेबलावर उघडे ठेवा आणि खाली चिठ्ठी लिहून ठेवा, 'हाउसकीपिंगसाठी'. हॉटेलच्या लेटरपॅडचा कागद असतोच. केरळात जाताय, तेव्हा मराठीत लिहू नका. इंग्रजीत दोन शब्द पुरे.

सगळ्यात सोपं म्हणजे सकाळी बाहेर पडताना कॉरिडॉरमध्ये ट्रॉली दिसते. तिथे जो असेल त्याला खोलीचा नंबर सांगून हातात द्या. रात्री पाण्याच्या जास्तीच्या बाटल्या न मागता येतात, हा अनुभव आहे.


चाफेकळी · मंगळवार, दुपारी २.०५

ट्रॉलीवाला, खूप उपयोगी. उशीखालचं तर मी नक्की केलं असतं! रिसेप्शनला दिली तर?


ट्रॉलीवाला · मंगळवार, दुपारी २.४०

काउंटरवर डबा असेल तर तो सगळ्यांचा. किचन, वेटर, बेलबॉय, आम्ही, महिन्याच्या शेवटी वाटणी. प्रामाणिकपणे होते तिथे ठीक, आणि किचनमधली भांडी घासणारी पोरंही त्यात येतात, ती तर खोलीवाल्यांहूनही लपलेली. पण काही ठिकाणी डब्याची किल्ली मॅनेजरकडे आणि हिशोबही त्याच्या डोक्यात. बाहेरून तुम्हाला ते कळणार नाही. खोलीसाठीच द्यायची असेल तर डब्यात टाकू नका.


उणे_अधिक · मंगळवार, दुपारी ४.१०

वर सर्व्हिस चार्ज आणि टिप यांची कोणी गल्लत करायच्या आत थोडं स्पष्ट करतो (पेशाने सीए, सवयीने कंजूष).

बिलात आपोआप लावलेला सर्व्हिस चार्ज देणं तुमच्यावर बंधनकारक नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ ला तशा मार्गदर्शक सूचना काढल्या. हॉटेल असो की रेस्टॉरंट, तो आपोआप लावायचा नाही, दुसऱ्या नावानेही लावायचा नाही. रेस्टॉरंटवाल्यांच्या संघटना दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या, तिथे २८ मार्च २०२५ ला न्यायालयाने या सूचना उचलून धरल्या. कोणी अडून बसलं तर ग्राहक हेल्पलाइन १९१५. तेव्हा बिलात ५-१० टक्के दिसले तर आधी ते काढायला सांगा आणि त्यातलेच पैसे हवे त्याच्या हातात द्या.

दुसरं, कार्डावर टिप दिली तर ती कोणाची? आयटीसी या हॉटेलवाल्या कंपनीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये सांगितलंय की कार्डावर जमा होऊन कर्मचाऱ्यांना वाटलेली टिप हा पगार नव्हे. ती पाहुण्याने कर्मचाऱ्याला दिलेली आहे, हॉटेल फक्त मधला हात. त्यामुळे हॉटेलने त्यावर पगारासारखा टीडीएस कापायचा नाही. घेणाऱ्याच्या हातात मात्र ते उत्पन्नच.

इंग्लंडने तर आता कायदाच केलाय. १ ऑक्टोबर २०२४ पासून तिथे मालकाला टिपमधला एक पेनीही ठेवता येत नाही. आपल्याकडे असं काही नाही, म्हणून रोख आणि हातात.

तिसरं, चाफेकळीताईंसाठी खास पुणेरी हिशोब. साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीवर २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी १२ ऐवजी ५ टक्के झालाय. साडेतीन हजारांच्या खोलीवर सात टक्के म्हणजे रात्रीला २४५ रुपये वाचले (हॉटेलवाल्याने भाडं वाढवलं नसेल तर, त्याचंही इनपुट क्रेडिट, म्हणजे स्वतःच्या खरेदीवर भरलेला जीएसटी वजा करायची सोय, गेलंय). त्यातले शंभर टेबलावर ठेवा. सासऱ्यांना सांगा, सरकारने दिलेत.


शनिवारपेठी · मंगळवार, दुपारी ४.१८

हा हिशोब आवडला. घरी सांगतो.


सुईदोरा · मंगळवार, संध्याकाळी ६.३०

रोखीवरून आठवलं. आता खिशात सुटे असतातच कुठे? गोव्याला खोली आवरायला येणाऱ्या ताईंना मी म्हटलं, तुमचा नंबर द्या, यूपीआय करते. त्या एकदम गप्प झाल्या. मग म्हणाल्या, नवऱ्याचा स्कॅनर आहे मोबाईलमध्ये, त्यावर करा. नंतर मोकळेपणाने बोलल्या तेव्हा कळलं, की आधी एका पाहुण्याला नंबर दिला होता, तो नंतर महिनाभर रात्री 'हाय' पाठवत होता. पैसे आले शंभर, डोक्याला ताप महिन्याचा.

बाप्ये लोकांनो, बाईचा नंबर मागू नका. घरून निघताना पन्नास-शंभरच्या नोटा घेऊन निघा. एवढं तर जमेल.


मिसळ_तर्री · मंगळवार, संध्याकाळी ६.३४

नोटा मिळवायच्या कुठून हेही सांगा. एटीएम पाचशेशिवाय बोलत नाही, आणि आमच्या बँकेत पन्नासचं बंडल मागितलं तर कॅशियर असं बघतो की जणू किडनी मागितली.


सुईदोरा · मंगळवार, संध्याकाळी ६.५१

मंडईत जा. पेट्रोल पंपावर विचार. देवळाबाहेरच्या फुलवालीला पाचशे सुटे करून माग. पुण्यात राहून सुटे मिळत नाहीत म्हणतोस?


माडाखाली · मंगळवार, रात्री ८.४५

कोकणातून लिहितोय. आमचा गुहागरजवळ होमस्टे आहे, चार खोल्या. पुणेकर पाहुणेच जास्त, म्हणून राहवलं नाही.

आमच्यासारख्या घरगुती ठिकाणी वेगळं असतं. जेवण आई आणि बायको करतात, त्यांना टिप देऊ नका, त्यांना आवडत नाही. जेवण आवडलं तर दोनदा वाढून घ्या, तेवढं बास. निघताना पाहुणे आमच्या मुलीच्या हातावर पैसे ठेवतात. मी नको म्हणतो, ते ठेवतात, हे असंच चालायचं.

पण खोल्या, संडास-बाथरूम आणि अंगण वाडीतल्या दोन बायका बघतात. समुद्रावरून आलेल्या माणसाबरोबर किती वाळू येते याची तुम्हाला कल्पना नाही. चपला बाहेर, पण वाळू कपड्यांत, केसांत, पोरांच्या बादलीत. तीच पोरं बाथरूममध्ये पाय धुतात आणि मोरी तुंबते. एप्रिल-मेमध्ये जाळीखालून रोज घमेलंभर वाळू निघते. ओले कपडे पलंगावर टाकतात, त्याने गादी आतून भिजते. वाळायला दोन दिवस जातात आणि पावसाळ्यात तर वाळतच नाही.

तेव्हा द्यायचंच तर त्यांच्या हातात द्या. माझ्याकडे 'त्यांना द्या' म्हणून देऊ नका. मी देतो, पण त्यांना वाटतं मी माझ्याकडचेच दिले आणि उद्या पगारातून कापेन. हातात दिलं की त्या चार माणसांत सांगतात, अमक्या खोलीतल्या ताईने दिले. आणि शक्य झालं तर आदल्या संध्याकाळी द्या. पुणेकर सकाळी सहाला गाडी काढतात, बायका येतात साडेआठला.


रानजाई · मंगळवार, रात्री ९.००

पुणेकर सहाला निघतात कारण ताम्हिणीत ट्रॅफिक लागतो.


माडाखाली · मंगळवार, रात्री ९.०६

गुहागरहून ताम्हिणी?


रानजाई · मंगळवार, रात्री ९.०७

बरं, कुंभार्ली. ट्रॅफिक कुठेही लागतो.


नागोयात_सध्या · बुधवार, सकाळी ६.१५

अवांतर, पण परदेशी जाणाऱ्यांसाठी. सगळीकडे ठेवायची नसते. जपानमध्ये खोलीत पैसे ठेवून गेलात तर परत आल्यावर तिथेच असतील, किंवा 'आपण विसरलात' म्हणून रिसेप्शनहून फोन येईल. चिठ्ठी ठेवली तर बहुतेक ठिकाणी आभाराची चिठ्ठी मिळेल आणि पैसे तसेच. फक्त र्योकानमध्ये, म्हणजे जुन्या पद्धतीच्या जपानी मुक्कामाच्या घरांत, जिथे एकच बाई तुमची खोली, जेवण, अंथरूण सगळं बघते, तिथे काही जपानी लोक आल्या आल्या छोट्या पाकिटात पैसे देतात. शेवटी नाही, आधी. आणि पाकिटाशिवाय नोट हातात देणं उद्धटपणा. परक्या माणसाकडून तेही अपेक्षित नसतं.


उणे_अधिक · बुधवार, सकाळी ९.४०

आणि क्रूझवर उलटं. तिथे कोणी विचारतच नाही. मोठ्या अमेरिकन जहाजांवर माणशी रोजचे पंधरा-वीस डॉलर तुमच्या खात्यात लावून मोकळे होतात. चार माणसं, सात रात्री, करा गुणाकार. बुकिंगच्या वेळी स्वस्त दिसलेलं तिकीट तिथे अंगावर येतं. ग्रुप टूरने जाणाऱ्यांनीही आधी विचारून घ्या. काही ठिकाणी टिप पॅकेजमध्ये धरलेली असते, काही ठिकाणी टूर मॅनेजर पहिल्याच दिवशी बसमध्ये गोळा करतो.


कर्वेरोड_सिग्नल · बुधवार, सकाळी ११.००

चर्चा चांगली झालीय, पण माझ्या मुद्द्याला कोणी हात लावला नाही. टिप देणाऱ्याच्या खोलीत काम जास्त चांगलं होतं की नाही? होत असेल तर न देणाऱ्यावर अन्याय. होत नसेल तर टिप देऊन उपयोग काय?


ट्रॉलीवाला · बुधवार, दुपारी १.१५

थोडं होतं. खोटं कशाला बोलू? यादीतलं काम सगळ्यांच्या खोलीत होतं, सुपरवायझर तपासतो. पण यादीबाहेरचं असतं ना. तुमच्या आईच्या गुडघ्याखाली घ्यायला जास्तीची उशी, लहान पोराच्या बाजूला भिंतीकडे सरकवलेला पलंग, चिंचेचा डाग पडलेला कुर्ता लगेच लॉन्ड्रीला देऊन संध्याकाळी परत. ते माणूस मनाने करतो. पैसे देणाऱ्यासाठी करतो आणि नाव विचारून बोलणाऱ्यासाठीही करतो. आमच्या मजल्यावर एक आजोबा यायचे, दर वेळी त्याच खोलीत. पैसा कधी दिला नाही. निघताना पाहुण्यांच्या अभिप्रायाच्या फॉर्मवर मुलाचं नाव, तारीख, त्याने काय केलं ते सविस्तर लिहायचे. त्या फॉर्मवर आमच्यातल्या एकाला 'एम्प्लॉयी ऑफ द मंथ' मिळालं आणि पुढे कायम केलं. तेव्हा काका, तुम्हाला पैसे द्यायचे नसतील तर नाव लिहा. 'स्टाफ चांगला आहे' असं मोघम लिहिलेलं कोणाच्याच खात्यात जमा होत नाही.


शनिवारपेठी · बुधवार, दुपारी १.२८

हे जमण्यासारखं आहे. लिहायला मला आवडतं.


मिसळ_तर्री · बुधवार, दुपारी १.३०

काका, अभिप्राय. तक्रार नव्हे.


चाफेकळी · बुधवार, रात्री ९.२०

सगळ्यांचे आभार. जीएसटीचा हिशोब सासऱ्यांना वाचून दाखवला. ते म्हणाले, 'सीए आहे तो, बरोबरच असणार', आणि पन्नासच्या नोटा स्वतः आणायची जबाबदारी घेतली. दोन खोल्या, खोलीमागे रोज शंभर, चिठ्ठीसकट टेबलावर, किंवा ट्रॉली दिसली तर हातात. नणंदेला कळवलेलं नाही, ती जिंकल्यासारखं करेल.

एकच राहिलं. हाउसबोटीवर कसं करायचं? तिथे खोली साफ करणारा वेगळा असतो का?


सुईदोरा · बुधवार, रात्री ९.४८

नसतो. साधारण दोन-तीन माणसं असतात. एक चालवतो, एक स्वयंपाक करतो, एक हाताखाली. खोली, जेवण, दोर बांधणं, सगळं त्यांच्यातच. संध्याकाळी साडेपाचच्या सुमाराला बोट काठाला लावतात, कारण नंतर मच्छीमारांची जाळी पडतात. तेव्हा सगळे मोकळे असतात, ओळख होते. द्यायचं मात्र सकाळी उतरताना. एकाच्याच हातात दिलंत तर तो सहसा चालवणारा असतो आणि हाताखालच्या पोराला काय मिळतं ते देव जाणे. तिघांना वेगवेगळं द्या, एकमेकांसमोर. आम्ही प्रत्येकी दोनशे दिले होते, स्वयंपाक्याला थोडे जास्त, कारण त्याने पोरांसाठी वेगळं कमी तिखट कालवण केलं होतं.

बोट घेतानाच सांगून ठेवा, मुलं लहान आहेत, तिखट कमी. आणि रात्री एसी किती वाजता चालू करतात तेही विचारा. बऱ्याच बोटींवर नऊनंतरच असतो.